ऑफरोड पिकअपचा रोल केज: पाईप घ्यायच्या आधी पाय कुठे टेकणार ते ठरवा

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतला माणूस वाचावा म्हणून बसवलेला पाईपचा सांगाडा, म्हटलं की सगळे आधी पाईपवर बोलतात, कुठला पाईप, किती जाडीचा, कुणाकडे वाकवून मिळेल वगैरे. पिकअपमध्ये खरा प्रश्न वेगळा आहे. जिप्सी किंवा थारसारख्या छोट्या गाडीला मागेपुढे एकच बॉडी असते, पिकअपला केबिन वेगळी आणि मागचा हौदा वेगळा, दोन्ही एकाच चॅसीवर बसलेले पण एकमेकांना चिकटलेले नाहीत. दगडावर एक चाक चढलं की चॅसी पिळते, केबिन रबराच्या माउंटवर एकीकडे झुकते आणि हौदा दुसरीकडे. व्ही-क्रॉस असो नाहीतर बोलेरो कॅम्पर, केबिन आणि हौद्यामधली फट आर्टिक्युलेशनमध्ये (चाकं वरखाली होऊन गाडी पिळते तेव्हा) कशी कमीजास्त होते ते एकदा बाजूला उभं राहून बघा. आता तुम्ही केजचे दोन पाय केबिनच्या फ्लोअरला आणि मागचे दोन हौद्याला ठोकले तर काय होणार, कुठेतरी पत्रा फाटणार नाहीतर वेल्ड सुटणार. म्हणून पाय आधी, पाईप नंतर.

त्याआधी एक स्पष्ट सांगतो. नंबर प्लेटवर रोज ऑफिसला न्यायच्या गाडीत हे करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत मनाने बदल करता येत नाहीत, २०१७ च्या शेवटी बुलबारवर कारवाई सुरू झाली ती पण ह्याच कलमाखाली. आणि कायदा सोडा, हेल्मेट न घालता डोक्याशेजारी स्टीलचा पाईप घेऊन फिरणं हे केज नसण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे, साध्या मागून बसलेल्या धक्क्यात पण कवटी त्यावर आपटते. शिवाय कर्टन एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर ती उघडायच्या जागेवरच तुमचा पाईप येतो. हे सगळं स्पर्धेच्या किंवा ट्रेलरवरून ट्रॅकला न्यायच्या गाडीसाठी लिहितोय.

आणि हो, ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळणारा हौद्यावरचा चकचकीत स्टेनलेसचा बार म्हणजे रोल केज नव्हे. तो हौद्याच्या पत्र्याला चार बोल्टवर उभा असतो, त्याला लाईट लावा, फोटो काढा, पण गाडी उलटली तर त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

पाय कुठे टेकवायचे

दोन रस्ते आहेत. पहिला, सगळा केज केबिनच्या आतच ठेवायचा आणि केबिनच्या फ्लोअरलाच बांधायचा. डबल केबिनला हे जमतं कारण मागची सीट काढली की मागच्या तिरक्या आधारांना जागा मिळते. केज केबिनबरोबर हलतो, चॅसीशी भांडत नाही. फक्त पाय शक्य तितके बॉडी माउंटच्या जवळ, जमलं तर बरोबर वर आणायचे, म्हणजे भार पत्र्यातून न भटकता माउंटमधून चॅसीत उतरतो. ह्या पद्धतीत बॉडी माउंटचे बोल्ट आणि रबर चांगले असायलाच हवेत, नाहीतर उलटल्यावर केजसकट केबिन चॅसीवरून सरकेल. जुनी गाडी असेल तर आधी माउंट बदला, मग केजचं बघा.

दुसरा रस्ता म्हणजे फ्लोअरला भोकं पाडून पाय थेट चॅसीवर उतरवायचे. सिंगल केबिनला बहुतेक हाच करावा लागतो, कारण सीटच्या मागे लगेच केबिनची भिंत असते आणि मागचे आधार भिंतीतून किंवा मागच्या काचेतून हौद्याच्या बाजूला काढून चॅसीवरच टेकवावे लागतात. मग नियम एकच, केज चॅसीचा झाला की केबिनला कुठेही घट्ट बांधायचा नाही. फ्लोअरचं भोक पाईपपेक्षा मोठं ठेवा आणि त्यावर रबरी बूट चढवा, केबिनला हलायला जागा हवी. ह्याच केजला सीट आणि बेल्ट लावणार असाल तर सीटपण केजवरच घ्या, सीट फ्लोअरला आणि बेल्ट केजला असा अर्धवट प्रकार नको.

चॅसीला वेल्ड करताना रेलच्या (चॅसीच्या लांब तुळईच्या) वरच्या-खालच्या पट्टीला हात लावू नका, उभ्या बाजूवर टोकं निमुळती केलेली प्लेट लावा आणि रेल आडवी कापणारा सरळ उभा वेल्ड तर अजिबात मारू नका. नंतर तडा तिथूनच जातो.

फ्लोअरवर टेकणाऱ्या पायाखाली प्लेट हवीच, कारण केबिनचा पत्रा मिलिमीटरभराचाच असतो, नुसता पाईप टेकवला तर तो केकमध्ये सुरी जावी तसा आरपार जाईल. एफआयएच्या (मोटरस्पोर्टची जागतिक संस्था) नियमात मुख्य पायांखालची प्लेट किमान ३ मिमी जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची लागते, बोल्टने बांधणार असाल तर प्रत्येक पायाला किमान तीन एम८ बोल्ट, ग्रेड ८.८ चे. मागच्या आधारांना ६० चौरस सेंटिमीटर आणि दोन बोल्ट चालतात. प्लेट नुसती सपाट ठेवण्यापेक्षा दरवाज्याखालच्या उंबऱ्यावर वाकवून चढवली तर दोन दिशांनी भार घेते, माझ्या मते हे जाडी वाढवण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

पाईप

नळाचा पाईप आणायचा नाही. खूप जण दीड इंची सी क्लास आणतात कारण तो हार्डवेअरच्या दुकानात लगेच मिळतो आणि हाताला दणकट लागतो. तो पाणी वाहायला बनवलेला आहे, त्याची शिवण वाकवताना उघडू शकते, जीआय (जस्ताचा लेप दिलेला) असेल तर वेल्डिंगच्या वेळी जस्ताचा धूर फुफ्फुसात जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. वर वजन. दीड इंची सी क्लास बाहेरून साधारण ४८ मिमी आणि जाडी ४ मिमी, म्हणजे मीटरला जवळपास ४.४ किलो. पूर्ण केजला २८ मीटर लागला तर सव्वाशे किलोच्या आसपास, आणि तेही बरंचसं छताजवळ, म्हणजे गाडी उलटू नये म्हणून जे करायचं त्याच्या बरोबर उलट.

एफआयएचा हिशोब असा आहे: मुख्य हूप (सीटमागची पाईपची कमान) ४५ मिमी व्यासाचा २.५ मिमी जाडीचा किंवा ५० चा २ मिमी, बाकीचे पाईप ३८ चे २.५ मिमी किंवा ४० चे २ मिमी, कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टील, ताणाची ताकद किमान ३५० मेगापास्कल. दुकानात सीडीएस (कोल्ड ड्रॉन सीमलेस) म्हणून मागा आणि टेस्ट सर्टिफिकेट हातात घ्या, नुसतं "सीमलेसच आहे साहेब" ह्यावर जाऊ नका. पुण्यात भोसरी-चाकणच्या बाजूला किंवा कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीच्या आसपास ट्यूबवाले सापडतात.

वजन स्वतः काढायला सोपं आहे. बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, त्याला जाडीने गुणा, मग ०.०२४६६ ने गुणा, मीटरचे किलो मिळतात. ४५ चा २.५ मिमी आला २.६२ किलो, ३८ चा २.१९. चार मीटरचा हूप आणि बाकी २४ मीटर धरले तर ६३ किलो, प्लेटा-बोल्ट धरून सत्तरच्या आत. म्हणजे सी क्लासच्या जवळजवळ निम्मं.

ज्या स्पर्धेत उतरायचं आहे तिचं त्या वर्षीचं नियमपुस्तक पाईप घ्यायच्या आधी वाचा. गोव्यात पावसाळ्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज होते, तिकडचं वेगळं, एफएमएससीआयच्या (भारतातली मोटरस्पोर्ट संस्था) रॅलीचं वेगळं. स्क्रूटिनीला, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीला, गाडी उभी केल्यावर ४२ चा पाईप चालत नाही असं कळून काही उपयोग नाही.

आकार

मुख्य हूप पुढच्या सीटच्या लगेच मागे, एकाच अखंड पाईपचा, मध्ये जोड नाही. तिथून पुढे काचेच्या खांबाला चिकटून दोन पाय खाली, काचेच्या वर एक आडवा, मागे दोन तिरके आधार. हे आधार सरळच हवेत, वाकवलेले नाहीत, आणि उभ्या रेषेशी किमान ३० अंश तिरके, त्यापेक्षा उभे असले तर मागून रेटा आला की काही कामाचे नाहीत. मग हूपमध्ये तिरका, छतावर तिरका, दरवाज्यात दोन आडवे किंवा फुली. चौकोन ढकलला की लोळतो आणि त्रिकोण लोळत नाही, एवढंच सगळं गणित आहे, म्हणून जिथे नुसता चौकोन दिसतोय तिथे तिरका टाका. आणि पाईप एकमेकांना जिथे भेटतात तिथे सगळे एकाच बिंदूपाशी आणा, एका पाईपच्या मधोमध दुसरा येऊन टेकला की तो तिथेच वाकतो.

छताला आणि खांबांना केज जितका चिकटून तितका चांगला, डोक्याला जागा मिळते. हेल्मेट घालून, बेल्ट आवळून बसा आणि कुणालातरी मोजायला सांगा, हेल्मेट आणि पाईपमध्ये किमान चार बोटं तरी हवीत. उंच माणसाने स्वतः बसून बघावं, मित्राला बसवून नाही. खांद्याचे पट्टे ज्या आडव्या पाईपला गुंडाळायचे तो खांद्याच्या उंचीला किंवा किंचित खाली, फार खाली गेला तर धक्क्यात पट्टा मणका खाली दाबतो.

वाकवणं आणि कापणं

प्लंबरचं हायड्रॉलिक बेंडर वापरू नका, ते आतल्या बाजूने पाईप चेपतं. वाळू भरून गॅसने लाल करून वाकवायचा जुना उपाय पण नको, थंडच वाकवायचा. रोटरी ड्रॉ किंवा मँड्रेल बेंडर लागतो आणि तो विकत घ्यायची गरज नाही, जिमचं सामान किंवा ट्यूबचं फर्निचर बनवणाऱ्याकडे असतो, फक्त तुमच्या व्यासाची डाय (वाकवायचा साचा) आहे का ते विचारा. वळणाची त्रिज्या पाईपच्या मध्यरेषेवर व्यासाच्या किमान तिप्पट, आणि वाकल्यावर पाईप लंबगोल झालाच तर लहान व्यास मोठ्याच्या ०.९ पट तरी राहायला हवा, व्हर्नियर लावून बघा. पाईप सोडला की थोडा परत उघडतो, म्हणून आधी तुकड्यावर एक वळण मारून किती अंश जास्त दाबायचं ते ठरवा, मग चांगला पाईप लावा.

हूपचं माप आधी जाड तारेने किंवा पुठ्ठ्याने केबिनमध्ये काढून घ्या. गाडी सपाट जमिनीवर, पाणसळ लावून, दोन्ही बाजूचं माप चॅसीवरूनच घ्यायचं, पत्र्यावरून नाही, कारण जुन्या गाडीची केबिन थोडी वाकडी असतेच.

पाईप पाईपला टेकवताना तोंड गोलाईत कापायचं. होल सॉ आणि नॉचर (पाईपचं तोंड गोलाईत कापायचं साधन) असेल तर उत्तम, नसेल तर कागदावर साचा काढून पाईपला गुंडाळा, खडूने खूण करा, ग्राइंडरने कापा आणि कानशीने घासत बसवा. कंटाळवाणं काम आहे खरं, पण फट राहिली की वेल्डर ती मटेरियल भरून बुजवतो आणि वरून छान दिसतं, आत काहीच धरलेलं नसतं.

वेल्डिंग

बॅटरी काढा, ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर काढा. एअरबॅग आणि बेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट आवळणारे) बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्यावरच सोडा. सीट, कार्पेट, छताचं कापड सगळं बाहेर. काचांवर ओलं गोणपाट टाका, ठिणगी काचेत रुतली की डाग जात नाही. इंधनाची टाकी आणि पाईप जवळ असतील तर सरळ उतरवा. शेजारी अग्निशामक घेऊन एक माणूस नुसता बघत उभा हवा, वेल्डरला मास्कमधून मागे काय पेटलंय ते दिसत नाही.

पाईपची टोकं दोन-तीन सेंटिमीटर चकचकीत होईपर्यंत घासा, तेल ॲसिटोनने पुसा. मिग किंवा टिग (गॅसच्या आवरणातलं वेल्डिंग), दोन्ही चालतं, हात बसलेला माणूस महत्त्वाचा. गेट-ग्रिलवाल्याच्या स्टिकने (साध्या रॉडच्या वेल्डिंगने) २.५ मिमीच्या पाईपवर काम करून घ्यायचं असेल तर आधी त्याच्याकडून एक तुकडा जोडून घ्या, व्हाइसमध्ये धरून हातोड्याने मोडा, पाईप वाकला आणि वेल्ड टिकला तर पुढे बोला. सगळा केज आधी वेल्डच्या छोट्या टाक्यांवर उभा करा, गुण्या लावून तपासा, दरवाजे उघडतात का, आरशात दिसतं का, गिअर टाकताना कोपर लागतो का, हे सगळं बघून मग फुल वेल्ड, आणि तोही आलटून पालटून समोरासमोर, एकाच कोपऱ्यात सगळं ओतलं की केज ओढला जातो.

आता खरी अडचण. छताला चिकटवून केज बनवलात तर वरच्या जोडांना वरून वेल्डिंगची टॉर्च जातच नाही आणि खूप केजमध्ये तिथे अर्धाच वेल्ड असतो, दिसत नाही म्हणून कुणी विचारत नाही. पाय फ्लोअरवर टेकणार त्याच जागी फ्लोअरला भोकं पाडा, टाके मारलेला केज त्यातून खाली सोडा, वरचे जोड चारही बाजूंनी पूर्ण करा, मग केज उचलून भोकांवर प्लेट टाकून पाय त्यावर बसवा. त्या भोकांच्या कडा आणि प्लेटभोवती नंतर सीलर लावा, गोव्याच्या चिखलपाण्यात गंज तिथूनच सुरू होतो.

वेल्ड ग्राइंडरने घासून गुळगुळीत करू नका. पाईपला भोकं पाडून फायर एक्स्टिंग्विशर लावू नका, क्लॅम्प वापरा. क्रोम नाही, पावडर कोटिंगही नको, साधा फिक्या रंगाचा पेंट मारा म्हणजे तडा गेला तर काळी रेघ लगेच दिसते. पॅडिंग एफआयए ८८५७-२००१ चं टाइप ए, डोकं लागू शकेल तिथे सगळीकडे. एसीच्या तांब्याच्या पाईपवर चढवतात तो काळा फोम खूप जण लावतात, तो बोटाने दाबला तरी खाली पाईप लागतो, हेल्मेटला त्याने काय होणार.

पहिल्या इव्हेंटनंतर सगळे बोल्ट परत आवळा, बॉडी माउंटचे पण. पायांच्या प्लेटभोवतीचा पत्रा हात फिरवून बघा, सुरकुती दिसली तर भार पसरत नाहीये, प्लेट मोठी करा. वेल्डचा संशय आला तर डाय पेनिट्रंटचे तीन स्प्रे आणा, इंडस्ट्रियल दुकानात मिळतात, आधी क्लीनर, मग लाल रंग मारून थोडा वेळ थांबा, पुसा, मग पांढरा डेव्हलपर, तडा असेल तर लाल रेघ वर येते. आणि गाडी खरंच उलटली आणि हूप वाकला तर तो गरम करून सरळ करायला देऊ नका, कापून नवीन टाका, पाय मात्र तेच राहतील जर प्लेट आणि पत्रा जागेवरून हलला नसेल तर.