‘तडतड’ हा शब्द कोठे वापरावा, कोठे टाळावा

‘तडतड’ लिहिण्यापूर्वी एवढे तपासावे की, आवाज एकामागून एक, लहान लहान आणि कोरडे येत आहेत काय. तापलेल्या तेलात मोहरी टाकली म्हणजे दाण्यातील ओलाव्याची वाफ होते, ती टरफल फोडून बाहेर पडते, आणि दाण्यामागून दाणा इतक्या लागोपाठ फुटतो की सुटे आवाज कानाला जवळजवळ सलग वाटू लागतात. या शब्दाची सर्वांत नेमकी जागा हीच आहे. एखादा दाणा उडाला म्हणजे मोहरी तडतडली असे होत नाही. आवाज भरात येऊन ओसरू लागला की मगच तसे म्हणावे, आणि जिरे-हिंगही तेव्हाच घालावेत, कारण कच्ची राहिलेली मोहरी कडवट लागते.

वळवाचे टपोरे थेंब पत्र्यावर तडतडतात, मिरवणुकीतला ताशा तडतडतो, पेटलेली फुलबाजी तडतडते. सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेतील शोभेचे दारूकाम पाहताना आकाशात विखुरणाऱ्या ठिणग्यांना हा शब्द शोभतो. मोठ्या बारालाच तो लावला तर मात्र आवाज खुजा होतो, तेथे ‘धडाड’च हवे.

ओल्या वस्तूला तो चालत नाही. चिरलेला कांदा फोडणीत पडला की चरचरतो, आणि तापल्या तव्यावर पाण्याचा शिपका मारला की चर्र होते. आपल्याकडची ज्वारीची कडक भाकरी पापडासारखी पातळ आणि पूर्ण वाळलेली असते, तरीही ती तडतडत नाही. ती हाताने मोडताना कटकन मोडते आणि दाताखाली कुरकुरते. काचेला एकच चीर गेली तर काच ‘तडकली’ म्हणावे.

‘तडतडणे’ हे क्रियापद अकर्मक आहे, हे पाककृती लिहिणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. ‘मी मोहरी तडतडली’ ही रचना चुकीची आहे. ‘मोहरी तडतडली’ किंवा ‘मोहरी तडतडू दिली’ असे लिहावे. नाम हवे असल्यास ‘मोहरीची तडतड’ स्त्रीलिंगी आणि ‘ताशांचा तडतडाट’ पुल्लिंगी होतो, आणि दुसऱ्यात आवाजाचा जोर अधिक असतो.

माणसाविषयी लिहिताना रूप बदलते : फटकळ माणूस ताडताड बोलतो, चिडलेला माणूस ताडकन उठतो.