ऊन न येणाऱ्या घरात वाळवायचं कसं

परक्या देशात पहिल्या वर्षी माझ्याकडून सगळ्यात जास्त काय वाया गेलं असेल, तर ताजा पाला आणि फळं. एकट्या माणसाला अख्खी जुडी संपत नाही, मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून घेतली जाते आणि आठवड्याभरात फ्रिजच्या तळाशी तिचं पाणी होतं. भाड्याच्या घराला गच्ची नसते, खिडकीत ऊन येत नाही. अशा घरात डिहायड्रेटर, म्हणजे ट्रेवर पसरलेले पदार्थ गरम वाऱ्याने वाळवणारं विजेचं यंत्र, ही चैनीची वस्तू नाही. नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी तो घ्यायला आवर्जून सांगते.

तो मायदेशातून मात्र आणू नका. काही देशांत घरची वीज 120 व्होल्टची असते, काही ठिकाणी 230. उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राला साधा प्लग-अडॅप्टर पुरत नाही. इथेच घ्या, वापरलेला घेतलात तरी चालेल. घर बदलणारे किंवा परत जाणारे लोक असली यंत्रं विकून टाकतात. फक्त तापमान कमीजास्त करायची सोय आहे ना, ते बघा. पंखा तळाशी आणि ट्रे एकावर एक असतील तर अधूनमधून त्यांची जागा बदलावी लागते. मागून पंखा असलेल्या पेटीत ही कटकट कमी. विजेची धास्ती असेल तर हिशेब सोपा आहे: 500 वॉटचं यंत्र सलग दहा तास चाललं तर जास्तीत जास्त पाच युनिट.

सुरुवात पुदिना, कोथिंबीर अशा पाल्यापासून करा. धुऊन, पुसून, पसरून 35 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. पान बोटांत चुरलं की झालं. उष्णता वाढवलीत तर वास उडून जातो, आणि वासासाठीच तर हा खटाटोप.

फळं आणि भाज्या 57 अंशांच्या आसपास वाळतात. लवकर व्हावं म्हणून तापमान चढवायचा मोह होतो, पण तसं केलं की वरचा थर कडक होतो आणि आतलं पाणी आतच अडकतं. वरून वाळलेली दिसणारी फोड बरणीत गेल्यावर बुरसते. वाळवण्याचं निम्मं काम उष्णता करते, निम्मं वारा. म्हणून सगळ्या चकत्या सारख्या जाडीच्या, साधारण सहा मिलिमीटर, कापा आणि एकमेकींना चिकटू देऊ नका. सफरचंद काळं पडू नये म्हणून लिंबाच्या पाण्यात बुडवून घ्या. द्राक्षांसारख्या सालीच्या फळांना उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट धरा; साल तडकली नाही तर ती दिवसभर तशीच टम्म राहतील. गाजर, फरसबी, मटार आधी वाफवून घ्यावे लागतात, नाहीतर रंग आणि चव टिकत नाही. कांदा, टोमॅटो, मशरूम यांना त्याची गरज नाही. कांदा मात्र जपून लावा. त्याचा वास भिंतीतून शेजाऱ्याकडे जातो, आणि नव्या जागी शेजाऱ्याशी संबंध जपायचे असतात.

आता बरणीबद्दल, कारण नवखी माणसं इथेच चुकतात. मीही चुकले होते. पहिल्या खेपेला वाळलेलं सफरचंद कोमट असतानाच भरलं, झाकण घट्ट लावलं, आणि दोन आठवड्यांनी अख्खी बरणी बुरशीने पांढरी झालेली. ट्रेवरून काढलेलं पूर्ण थंड होऊ द्या, नाहीतर ते आतल्या आत घामेजतं. फळं बरणीत दोन तृतीयांशच भरा आणि आठवडाभर रोज हलवा. जास्त ओल्या फोडींमधला ओलावा कोरड्या फोडींत वाटला जातो. काचेवर आतून दव दिसलं तर सगळं परत ट्रेवर. फळ चामड्यासारखं चिवट झालं पाहिजे, दाबल्यावर पाणी सुटता कामा नये; भाजी कडकडीत, मोडणारी हवी. मग बरणी अंधाऱ्या, गार जागी ठेवा. चुलीवरचं कपाट त्यासाठी सर्वांत वाईट जागा.

हात बसला की खरी मजा सुरू होते. पिकून मऊ झालेल्या फळांचा गर वाटून अगदी पातळ पसरा, मध्यभागी थोडा कमी, कारण मधला भाग शेवटी वाळतो. टोमॅटो कडकडीत वाळवून दळून ठेवले तर एक चमचा पूड रश्शाला पुरते. विरजण लावलेलं दूध याच यंत्रात 43 अंशांवर ठेवलं तर दही छान घट्ट विरजतं. थंडीच्या दिवसांत दही लागत नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी हे नक्की करून बघावं.

मांस वाळवायचं असेल तर आधी 71 अंशांपर्यंत, कोंबडी 74 अंशांपर्यंत शिजलेली हवी. नुसत्या डिहायड्रेटरच्या उष्णतेवर विसंबू नका. तेलकट, चरबीदार काहीही लावू नका, ते खवट होतं.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते शिजवलेलं कडधान्य आणि भात वाळवणं. शिजल्यावर पातेल्यात न ठेवता लगेच ट्रेवर पातळ पसरायचं आणि दाणे टणक होईपर्यंत वाळवायचं. उशिरा कामावरून आल्यावर, कपडे बदलायच्या आधी, त्यावर उकळतं पाणी ओतून झाकून ठेवा. तुम्ही हातपाय धुऊन येईपर्यंत दाणे मऊ व्हायला लागलेले असतात. मग एक उकळी काढली की जेवण तयार.