यागी अँटेना लावताय? गेन आणि दिशेच्या या चुका टाळा

हॅम रेडिओचा (हौशी रेडिओ संपर्काचा) परवाना हातात आला की पहिला प्रश्न असतो, ‘जास्त गेनचा अँटेना कोणता?’ गेन म्हणजे एका दिशेला मिळणारी जास्तीची ताकद, आणि गल्लत इथूनच सुरू होते. अँटेना स्वतःची ताकद घालत नाही. ओलित करताना आपण एक बारं बांधतो आणि पाणी दुसऱ्याकडे वळवतो. विहिरीचं पाणी त्यानं वाढत नाही. गेनचंही तसंच. समोर जे जास्त मिळतं, ते मागून आणि बाजूंनी काढलेलं असतं.

गेनचा आकडा कशाच्या तुलनेत दिलाय तेही बघा. डीबी हे ताकदीच्या तुलनेचं एकक. तोच अँटेना डीबीडीमध्ये (साध्या डायपोल अँटेनाच्या तुलनेत) 5 असेल, तर डीबीआयमध्ये (सगळीकडे सारखं पसरणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत) 7.15 दिसतो; फरक फक्त मोजपट्टीचा, 2.15 चा. पाकिटावर नुसतं ‘डीबी’ असेल तर त्या आकड्यावर विसंबू नका. यागी म्हणजे एका आडव्या दांडीवर ओळीनं दांडे बसवलेला, एका दिशेला झोत टाकणारा अँटेना; ती दांडी म्हणजे बूम. बूमची लांबी बघा, ती जास्त खरं सांगते.

सगळ्यात महागात पडते ती आडव्या-उभ्याची चूक. 145 मेगाहर्ट्झची माझी पहिली तीन दांड्यांची यागी मी जुन्या दूरदर्शनच्या अँटेनासारखी आडवी बसवली. दहा किलोमीटरवरच्या मित्राचा आवाज खरखरीत बुडायचा, कारण त्याचा अँटेना उभा होता. एवढ्यानं 20 डीबीपर्यंत नुकसान होऊ शकतं, म्हणजे शंभरातला एक भाग उरतो. दांडे उभे केले आणि त्याच्या अंगणातल्या कोंबड्याही ऐकू आल्या! मात्र दांडे उभे केल्यावर त्यांच्यामध्ये लोखंडी पाइप येऊ देऊ नका. तिथं सुका बांबू वापरा.

आखूड दांडा मित्राकडे, लांब दांडा मागे. उलटं लावणारे कमी नाहीत.

केबल बारीक आणि लांब नको. 20 मीटर आरजी-58 या बारीक केबलमध्येच निम्म्याहून जास्त ताकद जिरते.

चिखलदऱ्याच्या घाटाच्या अगदी पायथ्याशी असाल आणि मित्र डोक्यावरच्या कड्यावर असेल, तर जास्त गेनचा उभा अँटेना उलट त्रास देतो. त्याचा झोत जमिनीलगत चपटा होतो. तिथं साधा अर्धा मीटरचा क्वार्टर-वेव्ह (पाव तरंगलांबीचा उभा अँटेना) बरा.

दिशा लावताना आवाज सर्वांत मोठा कुठं येतो ते शोधत बसू नका, तिथं दहा-पंधरा अंशांनी काहीच कळत नाही. मित्राला बोलत ठेवा, यागी हळूहळू फिरवा, दोन्ही बाजूंना आवाज जिथं सारखाच पडतो तिथं बांबूवर चुन्यानं खूण करा, आणि मग दोन खुणांचा मध्य धरा.