पाच सुंदर चित्रं, तरी प्रवेशिका बाद? या चुका टाळा

पुण्यातल्या टिळक रस्त्यावरच्या ‘अभिनव’ कला महाविद्यालयातून बाहेर पडलेलं कुणी ना कुणी अधूनमधून फाइल घेऊन घरी येतं. “बोलोन्याला पाठवायचंय, ताई, एकदा बघा ना.” फाइल उघडावी तर मोर, पर्वती, आजीचं पोर्ट्रेट, गणपती आणि पावसातली छत्री. हात छान असतो, पण गोष्ट कुठेच नसते.

इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यातलं चित्रप्रदर्शन १९६७ पासून भरतं. तिथे पाच चित्रं मागतात आणि ती ‘माझी आवडती पाच’ समजून पाठवली जातात. हवी असतात एकाच गोष्टीतली पाच. चित्रं जमिनीवर ओळीने मांडा आणि घरातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला विचारा, “काय चाललंय यात?” त्याने प्रत्येक चित्राचं वेगळं वर्णन केलं तर परत बसा.

दुसरा घोळ त्याहून जास्त दिसतो. पहिल्या चित्रातली सहा वर्षांची चिमुरडी तिसऱ्यात बारा वर्षांची होते, वेणीही बाजू बदलते. मूळ चित्रं काढण्याआधी एक अख्खा कागद तिच्यासाठी ठेवा: समोरून, पाठीमागून, रुसलेली, धावताना. उंची एखाद्या ठरलेल्या वस्तूशी जुळवा. दाराची कडी तिच्या डोक्याच्या वर असेल, तर पाचही चित्रांत वरच.

पुरस्कार निवडतानाही गल्लत होते. स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाचं बालपुस्तक-चित्रांचं द्वैवार्षिक प्रदर्शन छापून झालेल्या पुस्तकांतल्या मूळ चित्रांचं असतं. ब्रिटनचं चित्रपुस्तकांसाठीचं क्लाउस फ्लुगं पारितोषिक नवोदितांसाठी खरं, पण पुस्तक तिथे प्रकाशित झालेलं लागतं. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ या बालसाहित्य उपक्रमाचा बिग लिटल बुक पुरस्कार चित्रकाराचं एकूण काम पाहतो. नियमावली आधी वाचा, रंग नंतर कालवा.

आता माझीच फजिती. एकदा शेवटच्या रात्री ट्यूबलाइटखाली मोबाइलवर फोटो काढून पाठवले. कागदाचा पांढरा पिवळट आला, वरची कड खालच्यापेक्षा अरुंद. अर्थातच काही झालं नाही. सपाट काचेच्या स्कॅनरवर मूळ आकारात किमान ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा. कागद मोठा असेल तर दोन भागांत स्कॅन करून जोडा. आरजीबीतला, म्हणजे पडद्यावरचा, झगझगीत निळा-हिरवा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या शाईत, मंदावतो, त्यामुळे छापील प्रत मागितली असेल तर आधी एक प्रिंट काढून बघा. जोडपानाच्या (समोरासमोरच्या दोन पानांच्या) मधोमध चेहरा ठेवू नका, बांधणी तो गिळते. मजकुराची जागा सोडताना देवनागरीच्या वेलांट्या-उकारांनाही वर-खाली जागा लागते, हे तर अनुभवी लोकही विसरतात.

शेवटी हक्क. प्रवेशअर्जातला बारीक टाइप कुणी वाचत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत, असं धरलं जातं. ‘कायमस्वरूपी, जगभर’ असं छापलेलं दिसलं, तर सही करण्याआधी चित्रं नाही आणलीत तरी चालेल, अर्ज घेऊन या.