टच स्विच आपोआप लागतोय? या चुका टाळा

जुलै लागला की ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधून मला एकाच तक्रारीचे फोन येतात. "दादा, हॉलमधला दिवा रात्री दोन वाजता आपोआप लागला." गेल्या वर्षी एका घरी आजींनी भिंतीत काहीतरी आहे असं ठरवूनच टाकलं होतं. भिंतीत होतंच. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती वायरिंगच्या पाइपातून थेट बोर्डाच्या पेटीत उतरत होती.

टच स्विचला बोट कळत नाही. काचेमागे सर्किटच्या पट्टीवर (पीसीबी) तांब्याचा छोटा पॅड किंवा स्प्रिंग असते. बोट जवळ आलं की तिथला कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, काही पिकोफॅरडनं वाढतो आणि चिप तेवढाच फरक मोजते. तो फरक पाण्यानेही पडतो. विद्युतक्षेत्राला साथ देण्याची क्षमता हवेची 1 धरली तर अॅक्रिलिकची साधारण 3, काचेची 7च्या आसपास आणि पाण्याची जवळजवळ 80. त्यामुळे काचेवरून ओघळलेला थेंबही चिपला बोटासारखाच वाटू शकतो.

म्हणून पहिली चूक म्हणजे बोर्डाची जागा. सिंकच्या शेजारी, ओट्यावर वाफ लागते तिथे किंवा पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीत टच बोर्ड बसवू नका. आधीच बसवला असेल तर मीटरजवळच्या बोर्डातला एमसीबी (फ्यूजच्या जागचा स्विच) बंद करून पेटी उघडा, कोरडी करा, पाइपाचं तोंड बुजवा. बुजवायला व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन मात्र वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअरचा, म्हणजे आम्ल न सोडणारा, मागून घ्या.

त्याआधी एक साधा प्रश्न विचारा: रात्री लाइट जाऊन आली होती का? काही स्विच वीज परतली की स्वतःहून चालू होतात. तिथे दोष नाही, सेटिंग आहे.

दुसरी चूक हौसेची. इंटिरियरला शोभावं म्हणून काचेवर सोनेरी फिल्म, आरसा किंवा मेटॅलिक रंग लावतात आणि मग स्विच बहिरा झाला म्हणतात. धातूचा थर विद्युतक्षेत्र अडवतो, कधी शेजारची दोन बटणं एकदम लावतो. काच तडकली म्हणून तितक्याच जाडीचं अॅक्रिलिक कापून बसवलं तरी स्पर्श मंदावतो, वरचे आकडे बघा. आणि पॅड काचेला नीट टेकलेला हवा. मध्ये अर्धा मिलिमीटर हवा राहिली किंवा डबल टेपखाली फुगा आला, तर जोरात दाबून काही होत नाही. जोर लावायचा स्विचच नाही हा.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती जिवाशी खेळणारी आहे. जुन्या वायरिंगमध्ये नुसत्या दिव्यांच्या बोर्डात बऱ्याचदा न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणलेलाच नसतो. मग काही वायरमन न्यूट्रलवाला टच स्विच अर्थिंगच्या तारेवर चालवून दाखवतात. चालतो. स्विचचा स्वतःचा करंट थोडा असला तर करंटची गळती पकडणारा 30 मिलिअँपियरचा आरसीसीबीही पडत नाही. पण पुढे कुठे अर्थिंग तुटलं, की तोच फेज (करंट आणणारी जिवंत तार) स्विचमधून त्या तारेवर येतो आणि तिला जोडलेल्या फ्रिज-गीझरच्या पत्र्यापर्यंत पोहोचतो. बोर्डात सॉकेट असेल तर न्यूट्रल तिथेच मिळेल. नसेल तर तो ओढून घ्या किंवा न्यूट्रलशिवाय चालणारा स्विच घ्या.

हा दुसरा प्रकार दिव्यातून थोडा करंट ओढून जगतो. पाच वॉटचा एलईडी म्हणूनच बंद असतानाही रात्री मिणमिणतो. बरोबर येणारा कपॅसिटरचा डबा दिव्याच्या होल्डरला समांतर लावायचा असतो. लोक तो बोर्डात कोंबतात, कधी खोक्यातच विसरतात. आणि दिवा बदलताना स्विच बंद आहे यावर विसंबू नका, एमसीबीच पाडा.

वागळे इस्टेटच्या कारखान्यांत किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी टीटीपी223 या टच चिपचे मॉड्यूल जोडणाऱ्यांसाठी थोडक्यात: पॅडची तार आखूड ठेवा, 230 व्होल्टच्या तारांपासून लांब. वीज दिल्यावर अर्धा सेकंद पॅडला हात नको, तेव्हा चिप स्वतःचा पाया, म्हणजे स्पर्श नसतानाची नेहमीची पातळी, ठरवते. विनास्पर्श लागत असेल तर सेन्सरची पिन आणि सर्किटचा ग्राउंड यांच्यामध्ये छोटा कपॅसिटर लावा, 50 पिकोफॅरडपर्यंत. तो वाढवला की संवेदनशीलता कमी होते, वाढत नाही.

घरच्या बोर्डालाही हाच पाया लागू आहे. काच ओली असताना लाइट परत आली तर चिप ओल्या काचेलाच नेहमीची समजू शकते. एमसीबी पाडा, काच कोरड्या फडक्याने पुसा, हात न लावता पुन्हा चालू करा. मला फोन त्यानंतर.

त्या घरी वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं आणि दिवा शांत झाला. आजींचा विश्वास मात्र बसला नाही. त्या अजून लांबून लाटण्यानेच स्विच लावतात. कोरडं लाटणं चालत नाही, पोळ्या झाल्यावर धुतलेलं ओलं मात्र लगेच चालतं.