चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होण्याची वाट : बारावीपासून नोंदणीपर्यंत

बारावीच्या निकालानंतर पालक मुलांना घेऊन भेटायला येतात, तेव्हा 'हिला मानसशास्त्रज्ञ व्हायचे आहे' या एका वाक्यात निदान तीन वेगवेगळे व्यवसाय मिसळलेले असतात. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन तो औषधे देतो. समुपदेशक शाळा, महाविद्यालये आणि कंपन्यांमध्ये काम करतो, आणि त्यासाठी बहुधा मानसशास्त्रातील एम.ए. व समुपदेशनाचे प्रशिक्षण मागितले जाते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, ज्याला बोलताना सगळे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच म्हणतात, तो मानसशास्त्रीय चाचण्या, निदानासाठीचे मूल्यमापन आणि मानसोपचार करतो. येथे या तिसऱ्या वाटेविषयीच लिहीत आहे, कारण ती सर्वांत लांब आहे आणि गैरसमजही तिच्याविषयीच अधिक आहेत.

पहिली पायरी सोपी आहे. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्या विद्यार्थ्याला मानसशास्त्र मुख्य विषय घेऊन बी.ए. करता येते. संख्याशास्त्र आणि प्रायोगिक मानसशास्त्र हे पेपर मात्र नुसते उत्तीर्ण होण्यापुरते करू नयेत, कारण पुढे प्रत्येक चाचणीचा निष्कर्ष याच पायावर उभा राहतो. घरबसल्या पदवी घेण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत.

त्यानंतर मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. करावे. पुढच्या प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला साधारणतः ५५ टक्के गुण लागतात. एम.ए. झाले की दाराबाहेर पाटी लावता येते, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ नुसार या व्यवसायासाठी परिषदेच्या (इंग्रजीत आरसीआय) केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असावे लागते, आणि नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाच्या व्याख्येचा भरही परिषदेच्या मान्यतेवर आणि देखरेखीखालील प्रशिक्षणावरच आहे.

ती देखरेख म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय कोणतीही संस्था निवडू नये. आजवरचा रुळलेला मार्ग म्हणजे दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. बंगळुरूची निम्हान्स, १९१८ साली सुरू झालेली रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था आणि आपल्याकडे पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था ही त्यातली परिचित नावे. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते, जागा मोजक्या असतात, आणि एका प्रयत्नात प्रवेश न मिळणे ही लाजेची गोष्ट नाही.

या दोन वर्षांत पुस्तकापेक्षा रुग्णांच्या फायली जास्त हाताळाव्या लागतात. माझ्या प्रशिक्षणात मी एका आठ वर्षांच्या मुलाची ठोकळ्यांची चाचणी घेतली, गुण जोडले आणि अहवाल मार्गदर्शक बाईंपुढे ठेवला. गुण त्यांनी पाहिलेच नाहीत. 'चुकल्यावर त्याने ठोकळा फिरवला की तुझ्या तोंडाकडे पाहिले?' एवढेच त्यांनी विचारले. मला आठवेना, तो अहवाल परत आला आणि मी दुसऱ्या दिवशी त्या मुलाबरोबर पुन्हा बसले, या वेळी चाचणी घेण्यासाठी नव्हे, तर नुसते खेळता खेळता त्याच्याकडे पाहण्यासाठी. विद्यार्थी काय पाहायला विसरला, हे दाखवून देणारा माणूस शेजारी असणे, यालाच देखरेख म्हणतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी पाठ्यपुस्तकांचे दडपण येते. त्यांनी लक्षात ठेवावे की बाह्यरुग्ण विभागात कोणी 'मला ॲंग्झायटी आहे' असे म्हणत येतेच असे नाही. 'जीव घाबरा होतो', 'छातीत धडधडतं', 'कशात मनच लागत नाही' असे सांगत येणारे कितीतरी असतात, आणि हे नीट ऐकता येणे ही मोठी पात्रता आहे. बिने या बुद्धिमापन चाचणीचे कामत यांनी केलेले मराठी-कन्नड रूपांतर किंवा नागपुरात मालिन यांनी भारतीय मुलांसाठी सिद्ध केलेली बुद्धिमापन श्रेणी यांचा जन्म याच गरजेतून झाला.

आता एक महत्त्वाची सावधगिरी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. पदवी बंद केली. चिकित्सालयीन मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन शाखांना २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंतच मुभा दिली. त्यामुळे यापुढे जाहिरातीतल्या पदवीच्या नावावर विसंबू नये. शुल्क भरण्यापूर्वी परिषदेच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी तपासाव्यात : त्या अभ्यासक्रमाला, त्याच संस्थेत, त्याच वर्षाच्या तुकडीसाठी मान्यता आहे का. 'मान्यता प्रक्रियेत आहे' या उत्तरावर प्रवेश घेऊ नये. त्यानंतर तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारावे की रुग्णालयात आठवड्यातले किती दिवस जातात आणि अहवाल कोण तपासते.

अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर नोंदणीचा अर्ज लगेच करावा आणि क्रमांक हाती आल्यावरच स्वतंत्रपणे रुग्ण पाहण्यास सुरुवात करावी. पहिली काही वर्षे येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागात काढता आली तर जरूर काढावीत, आणि आठवड्यातला एक तास तरी ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर आपल्या रुग्णांवर बोलण्यासाठी राखून ठेवावा.