डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घेताना
गुडघ्याच्या तीव्र दुखण्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर दिले जाणारे डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे 75 मिलिग्रॅमचे इंजेक्शन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. ज्यांना पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार किंवा ॲस्पिरिनने उठणारा दमा आहे, जे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, तसेच ज्या गर्भवती आहेत, त्यांनी हे सुई टोचण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे. डेंग्यूची शंका असलेल्या तापात तर ते टाळावेच. हे इंजेक्शन कुल्ल्याच्या वरच्या बाहेरील भागात, स्नायूत खोलवर दिले जाते, म्हणून संकोचापोटी दंडावर देण्याचा आग्रह धरू नये. दिवसाला 150 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, दोन दिवसांपेक्षा जास्त इंजेक्शने घेऊ नयेत आणि सोबत घरात पडलेली आयब्युप्रोफेन या दुसऱ्या वेदनाशामकाची गोळीही घेऊ नये. काळी शौच, धाप किंवा अंगावर पित्त उठल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.